अणुभट्टीचा अपघात : माती, वैरण आणि दूध

खरीपपूर्व कार्यक्रमासाठी मौदा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. विषय धानाचे खत व्यवस्थापन हा होता. पालाशाचे महत्त्व सांगून झाल्यावर मागच्या रांगेतील एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, "सर, जपानात ते अणूचे वीजघर फुटले, त्यानंतर तिथल्या धानाच्या बांध्यांत पोटॅश टाकत होते म्हणे. ते कशासाठी?" प्रश्न चांगला होता, पण जेवणाची वेळ झाली होती. मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मौदा येथील २,३२० मेगावॅट क्षमतेचे वीज केंद्र कोळशावर चालते. तेथे अणुभट्टी नाही आणि या लेखात वर्णन केलेल्या धोक्याशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रातील एकमेव अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूर येथे आहे. त्याचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. ते उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीचे, म्हणजे जपानच्या फुकुशिमा केंद्रातील संचांच्याच प्रकारचे आहेत. त्यानंतर २००५ व २००६ मध्ये ५४० मेगावॅटचे दोन संच त्यात जोडले गेले. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातील जैतापूर येथे सहा मोठ्या अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. तारापूर मौद्यापासून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे. मात्र २०१७ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ७०० मेगावॅटच्या दहा अणुभट्ट्यांपैकी दोन मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात चुटका येथे, बरगी धरणाच्या काठी नियोजित आहेत. ते ठिकाण मौद्यापासून साधारण २०० किलोमीटरवर येते.

तारापूर येथे १९६९ पासून आजपर्यंत आसपासच्या लोकांना गाव सोडावे लागेल असा अपघात झालेला नाही. असा अपघात फार क्वचित होतो. परंतु जेव्हा होतो तेव्हा त्याचा हिशेब दिवसांत नाही तर पिढ्यांत करावा लागतो, आणि तो हिशेब मुख्यतः शेतजमिनीवर मांडला जातो. म्हणून शेतकऱ्याने तो समजून घेणे आवश्यक आहे.

पीक करपत नाही

बऱ्याच शेतकरी बांधवांचा असा समज असतो की किरणोत्सर्गामुळे जमीन नापीक होते व पीक जळून जाते. अणुभट्टीच्या अगदी लगतचे जंगल चेर्नोबिल येथे जळून तांबडे पडले हे खरे आहे, पण त्यापलीकडच्या हजारो चौरस किलोमीटर क्षेत्रात तसे काही झाले नाही. गवत हिरवे होते, गाई दूध देत होत्या, बटाटे चांगले पोसले होते. दोष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, जिभेला लागत नाही. पीक डोलते पण विकता येत नाही, ही खरी अडचण होय.

सोव्हिएत संघातील (आताच्या युक्रेनमधील) चेर्नोबिल येथील चौथ्या संचाचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. जवळच्या प्रिपियात शहरातील सुमारे ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी हलविण्यात आले. त्या वर्षी एकूण १ लाख १६ हजार आणि पुढील वर्षांत आणखी सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांनी घरे सोडली. युक्रेन, बेलारूस व रशिया या तीन देशांत मिळून ७ लाख ८४ हजार हेक्टर शेतजमीन लागवडीतून काढून टाकावी लागली.

अपघातात अनेक किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडतात. त्यांपैकी तीन शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. सीझियम-१३७ निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. स्ट्रॉन्शियम-९० ला जवळपास तेवढाच काळ लागतो. तीस वर्षांनी निम्मे, साठ वर्षांनी चौथा हिस्सा, असे करत सीझियम हजारावा हिस्सा उरण्यास सुमारे तीनशे वर्षे लागतात. नागपुरात भोसल्यांचे राज्य सुरू झाले तेव्हापासून आजवरचा काळ जवळजवळ तेवढाच भरतो. एवढ्या काळात एका सातबाऱ्यावर किती नावे चढून उतरतात, ते ज्याचे त्याने मोजावे.

पहिले काही आठवडे : गाय आणि दूध

चेर्नोबिलच्या अपघातात किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने १९८६ मध्येच मरण पावलेले २८ जण हे केंद्रातील कर्मचारी व आग विझविणारे जवान होते. सर्वसामान्य जनतेचे सर्वांत स्पष्ट नुकसान झाले ते लहान मुलांचे, आणि ते झाले दुधातून.

आयोडीन-१३१ वाऱ्याबरोबर येऊन गवतावर बसते. गाय दिवसभर फिरून मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते, म्हणजे एवढ्या क्षेत्रावर पसरलेले आयोडीन ती एकट्याने गोळा करते. ते दोन-तीन दिवसांत दुधात उतरते. माणसाच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन हवेच असते. ते साधे की किरणोत्सारी, हा फरक तिला करता येत नाही. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणे जास्त, त्यामुळे मात्रा एकवटते. चेर्नोबिलच्या परिसरात अन्नातील आयोडीन मुळातच कमी होते, म्हणून ग्रंथींनी ते अधिकच ओढून घेतले. त्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६,००० पेक्षा जास्त रुग्ण आढळले, आणि त्यांतील मोठ्या हिश्श्याचे कारण त्या वसंत ऋतूत प्यालेले दूध होते. उपचार होऊ शकत असल्याने मृत्यू फार थोडे झाले, पण गळ्यावरचा व्रण आणि आयुष्यभराची गोळी राहिली.

यात मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की हे टाळता आले असते. गाई बांधून ठेवा, साठवलेली वैरण द्या, घरचे दूध मुलांना पाजू नका, एवढी सूचना पहिल्या दोन-तीन दिवसांत गावोगाव पोहोचली असती तर पुरेसे होते. शेजारच्या पोलंडने ते केले. २९ एप्रिलपासून तेथे सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना साध्या आयोडीनची मात्रा देण्यात आली, गाईंना कुरणात सोडण्यावर बंदी घालण्यात आली आणि लहान मुलांना दुधाची भुकटी पुरविण्यात आली. ब्रिटनमध्ये तर १९५७ सालीच, विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली तेव्हा, सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दूध काही आठवडे ओतून देण्यात आले होते. म्हणजे धडा तीस वर्षे जुना होता.

दूध उत्पादकासाठी आणखी एक उपयुक्त बाब. केवळ आयोडीनने दूषित झालेल्या दुधाची भुकटी किंवा चीज करून ते ऐंशी दिवस राखून ठेवले तर त्यातील किरणोत्सर्ग हजाराव्या हिश्श्याहून खाली येतो. सीझियमच्या बाबतीत थांबून उपयोग नाही, परंतु सीझियम पाण्यात विरघळणारे असल्याने ते ताकात व निवळीत जाते, लोण्यात थोडे उतरते आणि तुपात जवळजवळ नसते.

मुंबईत आलेले लोणी

या लोण्यावरून महाराष्ट्रात एकदा वाद झाला होता. चेर्नोबिलनंतर आयर्लंडचे लोणी युरोपीय समुदायाची मदत म्हणून मुंबईत आले. ते दूषित असल्याच्या शंकेवरून डॉ. शिवराव शांताराम वागळे व इतरांनी न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा समितीने दिला आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळण्यात आली. निकाल लोण्याच्या बाजूने लागला, तरी मला या प्रकरणाचे मोल वाटते. हजारो किलोमीटरवरच्या अपघाताचा प्रश्न मुंबईच्या बंदरात येऊन उभा राहू शकतो, आणि त्याचे उत्तर मोजमाप केल्यावरच मिळते, हे त्यातून दिसले.

सीझियम आणि पालाश

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. सीझियम हे रासायनिकदृष्ट्या पालाशाचे भाऊबंद आहे. धानाच्या मुळांना पालाश हवा असतो. जमिनीत तो कमी असला तर मुळे त्याच वाटेने सीझियम उचलतात. पालाश भरपूर असला तर सीझियमला वाट मिळत नाही. स्ट्रॉन्शियमचे नाते तसेच कॅल्शियमशी आहे, म्हणून आम्ल जमिनीत चुना देऊन त्याचे शोषण कमी करता येते.

फुकुशिमाचा अपघात ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर घडला. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. किलोमागे ५,००० बेकरेलपेक्षा जास्त सीझियम असलेल्या मातीत त्या वर्षी धान लावण्यास मनाई करण्यात आली. (एका सेकंदात एक अणू फुटणे म्हणजे एक बेकरेल.) ऑक्टोबरमध्ये तांदूळ सुरक्षित असल्याचे जाहीर झाले आणि नोव्हेंबरमध्ये फुकुशिमा शहराच्या ओनामी भागातील तांदळात किलोमागे ६३० बेकरेल सापडले. तेव्हाची मर्यादा ५०० होती. शोध घेता असे आढळून आले की जेथे तांदळात सीझियम जास्त, तेथे मातीत उपलब्ध पालाश कमी.

तेव्हापासून तेथे १०० ग्रॅम मातीत २५ मिलिग्रॅम पालाश राखण्याची शिफारस करण्यात आली. हेक्टरी हिशेब केला तर हे साधारण ५६० किलो होते. आपल्या माती परीक्षण अहवालात ३६० किलोच्या वर 'अत्यंत जास्त' असे लिहितात, हे लक्षात घेतल्यास या शिफारशीचा आकार कळेल. एप्रिल २०१२ पासून मर्यादा १०० बेकरेलवर आणली गेली आणि त्या हंगामापासून प्रांतातील तांदळाचे प्रत्येक पोते यंत्रावर तपासले गेले. ही वर्षाला सुमारे एक कोटी पोती होती. पहिल्या वर्षी ७१ पोती मर्यादेबाहेर निघाली, २०१३ मध्ये २८, २०१४ मध्ये २ आणि २०१५ पासून एकही नाही. २०२० पासून बहुतेक भागांत सर्व पोत्यांऐवजी नमुने तपासण्याची पद्धत सुरू झाली. पालाशाने जिंकलेली एवढी मोठी लढाई माझ्या माहितीत दुसरी नाही.

यात जमिनीच्या प्रकाराचा वाटा मोठा असतो. चिकणमातीतील काही खनिजांच्या थरांच्या कडांमध्ये सीझियम अडकून बसते व सहसा सुटत नाही. वेल्स व उत्तर इंग्लंडच्या डोंगरी कुरणांत अशी माती नव्हती. तेथे आम्ल, कुजट, पालाशहीन जमीन होती आणि मे १९८६ च्या पहिल्या आठवड्यात नेमका जोराचा पाऊस झाला. ढग कोठून जातो यापेक्षा पाऊस कोठे पडतो हे अधिक महत्त्वाचे. परिणामी चेर्नोबिलपासून २,००० किलोमीटरहून दूर असलेल्या मेंढपाळांवर विक्रीचे निर्बंध आले. सुरुवातीस ९,७०० च्या आसपास शेते व ४२ लाख मेंढ्या त्यांत होत्या. काही आठवड्यांत सुटका होईल असे वाटले होते. शेवटचे निर्बंध जून २०१२ मध्ये उठले, म्हणजे सव्वीस वर्षांनी.

आपल्या भागातील कन्हार व मोरांड जमिनीत चिकणमाती व पालाश बऱ्यापैकी असल्याने त्या या बाबतीत उजव्या ठराव्यात. कोकणातील जांभ्या जमिनी आम्ल, पालाशाने गरीब आणि मुसळधार पावसाच्या असल्याने नाजूक आहेत, आणि राज्यातील सध्याचे व प्रस्तावित अणुवीज केंद्र दोन्ही कोकणपट्टीतच आहेत. डहाणूचा चिकू आणि राजापूरचा हापूस यांच्या बागाईतदारांनी मातीतील पालाशाची व सामूची नोंद आजच करून ठेवावी, असे माझे मत आहे. ही नोंद नेहमीच्या खतासाठीही उपयोगी पडतेच.

येथे एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कोणी आज बांधीत जादा पोटॅश टाकू नये. पालाश हा अपघातानंतरचा उपाय आहे, तोही माती तपासून. जाता जाता, म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र नेले तर ते टिकटिकते. निसर्गतःच पालाशाचा अल्प अंश किरणोत्सारी असतो, आपल्या शरीरातलादेखील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तणसाची चूक

फुकुशिमातील एक प्रसंग मी वर्गात विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण तो आपल्या कृषी विस्ताराच्या कामाशी संबंधित आहे. जुलै २०११ मध्ये टोकियोला गेलेल्या गोमांसात सीझियम मर्यादेबाहेर सापडले. गुरे तर गोठ्यात होती, कुरणात नव्हती. शोध घेतल्यावर कारण निघाले तणस. २०१० च्या शरद ऋतूत धान कापल्यावर तणस बांधीतच पसरून ठेवलेली होती. मार्चमध्ये तिच्यावर किरणोत्सारी धूळ व पाऊस पडला, नंतर ती गोळा होऊन बाजारात गेली आणि दूरच्या जिल्ह्यांतील गोठ्यांत पोहोचली. बाहेर उघड्यावर पडलेली वैरण जनावरांना देऊ नये अशी सूचना तेथील कृषी मंत्रालयाने १९ मार्चलाच काढली होती. पण ती सर्व शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली नाही. पशुपालकांना उद्देशून काढलेला कागद धान पिकविणाऱ्याच्या हाती पडला नाही, कारण तो 'पशुपालक' नव्हता, तो फक्त तणस विकणारा होता. आपल्याकडे कृषी सहाय्यक एका दारी आणि पशुधन पर्यवेक्षक दुसऱ्या दारी जातो. अशी चूक येथे होणार नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आपत्कालीन योजना आणि शेतकरी

आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र आखलेले असते. केंद्राच्या कुंपणाबाहेरील कारवाईची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते. घरात थांबणे, आयोडीनच्या गोळ्या, स्थलांतर आणि अन्नपाण्यावर नियंत्रण हे तिचे मुख्य भाग होत. ठरावीक काळाने रंगीत तालीमही घेतली जाते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

परंतु १६ किलोमीटर हे मुख्यतः माणसे हलविण्याचे अंतर आहे, वैरणीचे नाही. फुकुशिमानंतर सुमारे ३०० किलोमीटरवरील चहाच्या पानांत मर्यादेपेक्षा जास्त सीझियम सापडले होते. चुटका येथे प्रकल्प उभा राहिला तर मौदा या अंतराच्या आत येतो. तेथे कोणी गाव सोडण्याची वेळ येईल असे नाही, पण दूध संकलन केंद्रावर 'आजपासून गाई चारू नका' हा निरोप काही तासांत येण्याची व्यवस्था असायला हवी.

जनावरांचा प्रश्न याहून अवघड आहे. फुकुशिमाच्या २० किलोमीटर क्षेत्रात सुमारे साडेतीन हजार गुरे होती. मालक दोन-चार दिवसांत परत येऊ अशा समजुतीने त्यांना बांधून किंवा मोकळी सोडून गेले. अनेक गुरे दाव्यालाच उपाशी मेली. उरलेल्यांना मालकाच्या संमतीने मारण्याचा आदेश मे महिन्यात निघाला. माणसांच्याही बाबतीत घाईच्या स्थलांतराची किंमत फार झाली. आजारी व वृद्ध माणसे प्रवासात व छावण्यांत दगावली. फुकुशिमा प्रांतात आपत्तीनंतरच्या हालअपेष्टांमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद २,३०० च्या वर गेली आहे. किरणोत्सर्गापेक्षा पळापळीने जास्त माणसे नेली, असे म्हटल्यास चूक होणार नाही. म्हणून सूचना येईपर्यंत दारे-खिडक्या लावून घरात थांबणे हेच बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

अशी सूचना आल्यास गुरे गोठ्यात घ्यावीत आणि घरातील किंवा झाकलेले कुटार व तणसच द्यावी. धुऱ्यावरचे गवत कापून आणू नये. विहीर व हौद झाकावेत आणि जनावरांना तळ्यावर न नेता बोअरचे पाणी पाजावे. पालेभाज्या तोडू नयेत. शेतातील कडपा गोळा करू नये व पेटवूही नये, कारण धुराबरोबर सीझियम पुन्हा उडते. जमीन नांगरण्याची घाई तर मुळीच करू नये. पहिल्या काळात सीझियम वरच्या चार-पाच सेंटिमीटर थरातच असते. तो थर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरवडून काढता येतो, मात्र एकदा नांगर फिरला की ती संधी जाते. फुकुशिमात अशी काढलेली सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती ओकुमा व फुताबा या गावांत साठवलेली आहे. ती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर नेण्याचे कायद्याने ठरले आहे. कोठे न्यायची, हा तेथला पुढचा वाद आहे.

आयोडीनची गोळी सूचना मिळाल्यावरच घ्यावी. ती फक्त थायरॉईडचे रक्षण करते, सीझियमवर तिचा परिणाम नाही. आयोडीनयुक्त मीठ खाऊन भागेल का, असे विचारले जाते. मोठ्या माणसाच्या मात्रेत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे मिळविण्यास सहा-सात किलो मीठ खावे लागेल.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर प्रश्न विचारणारे काका मला चहाला घरी घेऊन गेले. अंगणात तणसाचा उंच ढीग होता, उघडाच. मी जपानच्या तणसाची गोष्ट त्यांना तेथेच सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, ढिगाकडे पाहिले आणि म्हणाले, "ताडपत्री एकच आहे सर. ती धानाच्या पोत्यांवर असते."